लाकडाची वीज आणि धुराचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'लाकूड जाळून केलेली वीज' असे उत्तर दिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडे आश्चर्य उमटलेले मला दिसले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर गिरणी कामगारांच्या संपाचा इतिहास सांगावा, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती काही गैर नव्हती. शिवाय मी शास्त्रज्ञ नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते रात्रपाळीला जाण्यापूर्वी वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. तथापि हिशेब तपासणे हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. पगारपत्रकात कोणती रक्कम कोणत्या रकान्यातून उचलून कोठे ठेवली, हे शोधण्यात माझे आयुष्य गेले. आज ज्याविषयी बोलावयाचे आहे तोही एक हिशेबच आहे. फक्त तो रुपयांचा नसून धुराचा आहे.

निमित्त झाले ते असे. काही वर्षांपूर्वी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याने आपला तेलावर चालणारा बॉयलर बदलला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे पुष्कळ आहेत. तेलाऐवजी 'पांढरा कोळसा' वापरावयाचे ठरले. पांढरा कोळसा म्हणजे लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, उसाचे चिपाड वगैरे यंत्रात दाबून केलेल्या कांड्या. फाटकावर हिरवी पाटी लागली, छोटासा समारंभ झाला, आणि युनियनच्या वतीने मीही चार शब्द बोललो. हवा शुद्ध ठेवणारा उद्योग, भूमातेचे ऋण वगैरे बोललो. टाळ्याही मिळाल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बॉयलरवरचे एक जुने कामगार मला फाटकाबाहेर भेटले. त्यांना सगळे खाते मामाच म्हणते. मामा म्हणाले, "अण्णा, पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नका. भट्टीत काय जातंय ते एकदा येऊन बघा." मी गेलो. कांड्यांचा ढीग कोपऱ्यात भिजून फुगला होता, आणि भट्टीच्या तोंडाशी ट्रकमधून ओंडके उतरत होते. आंब्याचे होते, जांभळाचे होते. साल अजून ओली होती. पावसाळ्यात कांड्यांचा पुरवठा तुटतो, भट्टी तर थांबविता येत नाही, तेव्हा जे मिळेल ते जाळावयाचे, असा मामला होता. हिरवी पाटी मात्र तशीच होती, आणि तिच्याखाली माझे भाषणही तसेच होते.

तेथे वाफ हवी होती, वीज नव्हे, हे खरे. परंतु त्याच वाफेने चक्र फिरविले की वीज होते, आणि युरोपात व अन्यत्र मोठमोठ्या वीजकेंद्रांत नेमका हाच व्यवहार चालू आहे. झाड पुन्हा उगवते, म्हणून झाड जाळून केलेली वीज हवेला भार नाही, असे त्यामागचे म्हणणे. हे म्हणणे कितपत खरे, हे पाहण्यासाठी मी वाचू लागलो. प्रश्न अगदी नवा असेल अशी माझी समजूत होती. पण त्याचे एक जुने टोक सापडले ते आपल्याच रेल्वे लाइनीवर, दापोडीस.

दापोडी म्हटली की आज आपणांस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आठवते, किंवा एस. टी.चे वर्कशॉप. परंतु पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आतच तेथे मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होता, आणि त्याला लागून कंपनी सरकारने एक वनस्पती उद्यान केले होते. १८३८ मध्ये या उद्यानाचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराकडे आला. औषधी झाडांसाठी त्याची दुसरी बाग जुन्नरजवळ हिवऱ्यास होती. म्हणजे आज ज्या पट्ट्यात मोटारी तयार होतात त्याच पट्ट्यात हा गृहस्थ सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची निगा राखीत फिरत होता. दापोडीच्या झाडांची त्याने एका देशी चित्रकाराकडून सुरेख रंगीत चित्रे काढवून घेतली; ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. गिब्सनचे नाव सर्वांस ठाऊक आहे, चित्रकाराचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. हजेरीपट बनविणारे तेव्हाही असेच होते. असो.

गिब्सन नुसता बागवान नव्हता. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो हिंडला, आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याने सरकारला कळविले की, डोंगर उघडे पडत चालले आहेत, त्यामुळे ओढे-झरे आटत आहेत आणि हवापाणीच बदलत आहे. १८४७ मध्ये सरकारने त्याला मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक नेमले. त्याच सुमारास मद्रासेस एडवर्ड बाल्फोर हा दुसरा डॉक्टर हेच लिहीत होता, आणि १८५१ साली इंग्लंडातल्या विज्ञान परिषदेपुढे उष्ण कटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांवर अहवाल ठेवण्यात आला. झाड तोडणे आणि हवामान यांचा संबंध आहे, ही गोष्ट आपल्या मुलखात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारदप्तरी लिहिली गेली होती, एवढे येथे ध्यानात ठेवावे. अर्थात गिब्सनच्या डोळ्यांपुढे पाऊस आणि झरे होते. धुरातल्या वायूची कल्पना त्याला नव्हती. ती लंडनमध्ये टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोगाने दाखविली, आणि १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने त्याचे गणित मांडले. जुनी मराठी पुस्तके ज्याला कर्बद्विप्राणिद म्हणत, तो कार्बन डाय-ऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवतो. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटावर नीट मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास भरले. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

आता दापोडीहून पुन्हा आपल्या स्टेशनावर येऊ. खंडाळा ते पुणे ही लाइन १८५८ मध्ये सुरू झाली, आणि बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला. घाटाचे काम ऐन भरात असताना, १८६१ च्या प्रारंभी, तेथे ४२,००० मजूर राबत होते. पटकीने त्यांतले किती गेले याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. त्या ४२,००० माणसांची भाकरी कशावर भाजली गेली असेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. घाटातल्याच सरपणावर, दुसरे काय? लाइनीच्या दर मैलास पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत. काही स्लीपर बाल्टिक समुद्राकडून डांबर पाजून येत, बाकीचे येथल्या सागवानातून निघत, आणि वाळवी लागून थोड्याच वर्षांत ते बदलावे लागत. एंजिनांचा कोळसा विलायतेहून गलबतांनी यावयाचा, तो महाग. म्हणून देशातील कित्येक लाइनींवर, विशेषतः मद्रासेकडे, एंजिने सरळ लाकडावर चालत. देशी खाणींचा कोळसा पुरेसा निघू लागेपर्यंत हे चालले.

आणि दोष कोणाला लागला? गिब्सनपासून पुढे सर्व साहेबांनी मुख्य बोट दाखविले ते डोंगरात कुमरी आणि राब करणाऱ्या लोकांकडे. १८६५ चा जंगल कायदा आला, १८७८ चा अधिक कडक आला. ठाणे-कुलाबा भागात असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले, आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यापूर्वीच १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गोरगरिबांची गायराने आणि डोंगर कसे बळकावले त्याचा ताळेबंद मांडला होता.

या राबाविषयी थोडे थांबून बोलतो, कारण माझ्या विषयाची किल्ली त्यात आहे. मावळातल्या श्रोत्यांस राब सांगावयास नको. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून भाजणी करावयाची. त्यासाठी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडतात, बुंधा उभाच ठेवतात. दोन-चार पावसाळ्यांत फांदी पुन्हा फुटते. फांदी जळून जो वायू हवेत गेला तो नव्या फांदीने परत शोषून घेतला. देणे थोडक्यात फिटले. स्लीपरवाल्याने आणि एंजिनवाल्याने काय नेले? बुंधा. त्याचे देणे फिटावयास दोन पिढ्या लागतात, आणि तेही त्या जागी पुन्हा झाड उभे राहिले तर. लाकूड दोन्हीकडे जळले, पण एकाचा हिशेब वर्षांचा आणि दुसऱ्याचा शतकाचा. हा फरक ठाकराला कळत होता. कमिशनपुढे तो सांगण्याची भाषा त्याच्यापाशी नव्हती.

मधल्या काळात आमच्या मावळाने देशाला एक निराळी वीज दिली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने काळवंडत होत्या तेव्हा घाटमाथ्याचे पाणी अडवून वीज करण्याची योजना जमशेटजी टाटांनी आखली. ते १९०४ मध्ये वारले. पण लोणावळे, वळवण आणि शिरवते येथील तलावांच्या पाण्यावर १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे केंद्र सुरू झाले. पुढे आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण होऊन १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र निघाले. १९२९ मध्ये कल्याण-पुणे लाइनीचे विद्युतीकरण झाले. त्यानंतर तळेगावावरून जाणाऱ्या विजेच्या एंजिनाच्या पोटात आग नव्हती. ही वीज बिनधुराची खरी, पण फुकटची नव्हे. मुळशीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून जो सत्याग्रह झाला तो तिच्याच किमतीचा. आणि मजा पाहा, या धरणांच्या काठी ज्या वाड्या उरल्या त्यांच्या चुलीत लाकूडच होते, आणि त्यांच्या घरात विजेचा दिवा येण्यास स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात लाकडाने पुन्हा डोके वर काढले. पेट्रोल रेशनवर गेले, आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीशी कोळशाच्या गॅसचे पिंप बसले. माझे आजोबा अशा एका मोटारीवर क्लीनर होते. पहाटे उठून पिंपात लाकडी कोळसा भरावयाचा, पंखा हाताने फिरवीत बसावयाचे, आणि गॅस धरला की मोटार कुरकुरत निघावयाची. चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलावयाची. आजोबा हे हसत सांगत. परंतु तो कोळसा येई कोठून? सह्याद्रीच्या उतारावर लोणारी आणि कातकरी भट्ट्या लावीत. लाकूड रचून वरून माती थापावयाची आणि आत धुमसू द्यावयाचे. अशा भट्टीत पाच मण लाकडातून जेमतेम एक मण कोळसा हाती येतो. उरलेले पाणी, धूर आणि वायू होऊन वर जाते. मोटारीच्या नळीतून धूर थोडा दिसे, कारण बहुतेक धूर आधीच डोंगरात होऊन गेलेला असे. आपल्यासमोर जळताना दिसत नाही म्हणून इंधन स्वच्छ, हा समज त्या दिवसांपासूनचा आहे.

हीच गोष्ट पुढे पानशेतच्या खोऱ्यात घडली. माधव गाडगीळांनी वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या भ्रमंतीत त्यांना दिसले ते गाडगीळांनी लिहून ठेवले आहे. धरणासाठी रस्ता झाला, आणि त्याच रस्त्याने कोळशाचे व्यापारी वर चढले. धरणाने ज्यांची खाचरे बुडाली ती माणसे डोंगरावर सरकली होती. हातात पैसा नव्हता. त्यांनी आपल्या मालकीचे आंबे आणि हिरडे कवडीमोलाने व्यापाऱ्यांना दिले, आणि त्यांचा कोळसा होऊन पुण्यात आला. पानशेत म्हटले की पुण्याला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. ते स्वाभाविक आहे. पण खोऱ्यातला डोंगर बोडका झाला याची तारीख कोणी सांगू शकत नाही, कारण तो एका दिवसात झाला नाही. झाडतोडीवर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९६४ मध्ये आला.

आता सातासमुद्रापलीकडे जावे लागेल, कारण लाकडाच्या विजेचे आजचे सर्वांत मोठे उदाहरण तेथे आहे. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स नावाचे वीजकेंद्र आहे. १९७० च्या दशकात ते कोळशावर उभे राहिले, देशातले सर्वांत मोठे झाले. २०१३ पासून त्याची एकेक भट्टी लाकडाच्या गोळ्यांवर आणली गेली, आणि आता तेथे कोळसा जळत नाही. वर्षाला साठ-सत्तर लाख टनांच्या घरात गोळ्या जळतात. त्या बव्हंशी अमेरिकेच्या आग्नेय भागातील जंगलांतून येतात. तेथे लाकूड दळतात, वाळवितात, दाबतात, आणि अटलांटिक ओलांडून आणतात. एवढे करून सरकारदरबारी या विजेच्या धुराण्यातून निघणारा कर्बवायू शून्य धरला जातो, आणि शुद्ध वीज म्हणून तिला सरकारी अनुदानही मिळत आले आहे.

शून्य कसा? येथे माझ्यातला पगारपत्रक वाचणारा जागा झाला. देशोदेशींचा कर्बवायू मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत असे ठरले की, झाड तोडले की त्यातला कार्बन गेला असे जमिनीच्या वहीत, म्हणजे ज्या देशात तोडले त्या देशाच्या खाती, लिहावयाचे. एकच खर्च दोनदा पडू नये म्हणून धुराण्याच्या वहीत तो पुन्हा लिहावयाचा नाही. नियम चुकीचा नव्हता. पण युरोपाने त्यातला दुसराच भाग उचलला: धुराण्याच्या वहीत शून्य आहे ना, मग ही वीज निर्दोष. झाड तुटले अमेरिकेत, आणि अमेरिकेने तर क्योटोचा करार कधी मंजूरच केला नाही. म्हणजे एका वहीत लिहावयाचे नाही कारण दुसऱ्या वहीत लिहिले आहे, आणि दुसऱ्या वहीतल्या आकड्याने कोणी बांधलेला नाही. कंत्राटदार म्हणतो कामगार कंपनीचा, कंपनी म्हणते कंत्राटदाराचा, आणि प्रॉव्हिडंट फंड कोणाच्याच खात्यात भरला जात नाही. हा प्रकार आपल्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावयास नको. २००९ मध्ये सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ही हिशेबातली चूक उघड करून दाखविली. चूक दाखविली म्हणून ती लगेच दुरुस्त होते असे नाही, हेही आपणांस अनुभवाने ठाऊक आहे.

प्रत्यक्ष धुराण्याचा आकडा काय आहे तो पाहू. त्याच आंतरराष्ट्रीय कोष्टकात, तेवढीच उष्णता मिळविण्यासाठी लाकडातून ११२ भाग कर्बवायू निघत असेल तर चांगल्या दगडी कोळशातून ९४.६ आणि नैसर्गिक वायूतून ५६.१ निघतो. केंद्राने उष्णतेचा एक तृतीयांश भाग विजेत उतरविला असे धरले, तर लाकडाच्या एका युनिटमागे साधारण १ किलो २०० ग्रॅम कर्बवायू होतो, कोळशाच्या युनिटमागे १ किलोच्या थोडा वर. म्हणजे जळतेवेळी लाकूड कोळशाहून घाण ठरते, शुद्ध नव्हे. आणि लाकूड किती लागते? त्याच हिशेबाने युनिटला ७०० ग्रॅम. दहा मेगावॉटचे लहानसे केंद्र रात्रंदिवस चालविले तर रोजचे सुमारे १७० टन, म्हणजे दहा टनी सतरा ट्रक. ओले असेल तर अधिकच, कारण आगीचा काही भाग पाणी आटविण्यात जातो. तळेगावच्या सगळ्या वखारी एकत्र केल्या तरी असे केंद्र किती दिवस चालेल याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

झाड पुन्हा वाढेल, हे उत्तर येथे दिले जाते. वाढेलही. पण ऊसतोड कामगारांची उचल आपणांस माहीत आहे. मुकादम हंगामाआधी रक्कम हातावर ठेवतो, आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको कोयता घेऊन घर सोडतात. उचल घेतली तो दिवस एक असतो, फिटली तो दिवस दुसरा, आणि मधले सगळे दिवस मुकादमाचे. लाकडाची वीज ही अशी हवेकडून घेतलेली उचल आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये तेथल्या जंगलांचे गणित मांडले. कोळशाऐवजी लाकूड जाळले, आणि तोडलेले जंगल पुन्हा वाढू दिले, तर ही उचल फिटावयास जंगलाच्या जातीप्रमाणे ४४ ते १०४ वर्षे लागतात असे त्यांना आढळले. मधल्या काळात जमीन दुसऱ्याच कामाला गेली तर ती कधीच फिटत नाही. आणि हवेची तापवणूक जी थांबवावयाची आहे ती याच मधल्या वर्षांत.

तेव्हा जे जे उगवते ते जाळणे पाप, असे मी म्हणतो काय? नाही. आपल्या साखर कारखान्यांकडे पाहा. उसाचे चिपाड जाळून वीज करण्याची महाराष्ट्रातील क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. ऊस वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभा राहतो, आणि चिपाड न जाळले तरी ते कुजून वायू सोडणारच. ते राबाच्या फांदीसारखे आहे. उसाला लागणाऱ्या पाण्याविषयी बोलावयाचे तर दुसरे व्याख्यान लागेल. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये कोळशाच्या वीजकेंद्रांना ठरावीक प्रमाणात, मुख्यतः शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचा आदेश काढला. २०२४-२५ पासून ५ टक्के आणि त्यापुढील वर्षापासून ७ टक्के असे पुढे ठरले. पंजाबात पेंढा शेतातच पेटवितात, त्यापेक्षा हे बरेच. परंतु दोन शंका मी नोंदवितो. विदर्भात पऱ्हाटी आणि तुरकाट्या हा कचरा नव्हे. ते गरीब घरातल्या बाईचे वर्षाचे सरपण आहे. ते कारखान्याने विकत नेले तर ती कुऱ्हाड घेऊन कोठे जाईल? दुसरी शंका मामांनीच घातली आहे. काडीकचरा हंगामी असतो, भट्टी बारमाही. कागदावर काडी असते आणि पावसाळ्यात फाटकातून बुंधा येतो.

कामगार चळवळीतल्या माणसाने हे बोलणे सोपे नाही, हेही कबूल करतो. ड्रॅक्सच्या बाजूने तेथल्या कामगार संघटना उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. कोळशाचे धुराडे बंद झाले की सारे गावच बंद होते. लाकडावर का होईना ते चालू राहावे असे कोणाला वाटणार नाही? आमच्याच बैठकीत एका तरुण सभासदाने मला तोंडावर विचारले, "अण्णा, झाडाची बाजू घेताय, मग आमची कोण घेणार?" मला त्याला पटकन उत्तर देता आले नाही. बॉयलर बंद करा असे आम्ही म्हणणार नव्हतो, म्हटले असते तर पहिले मामाच घरी गेले असते. पुष्कळ चर्चेनंतर एवढीच मागणी ठरली की वजनकाट्यावर जी नोंदवही असते तिच्यात नुसते 'इंधन, इतके टन' असे न लिहिता कोणते इंधन, कोठून आले, ओले की सुके, हे रकाने असावेत, आणि प्रत्येक गाडीच्या नोंदीवर बॉयलरवरच्या कामगाराची सही असावी.

व्यवस्थापनाने प्रथम हा युनियनचा विषय नाही असे सांगितले. मग कामाच्या जागेची सुरक्षा या सदरात आम्ही तो घातला. ओल्या लाकडाने धूर कोंडतो, भट्टीवरच्या माणसाच्या डोळ्यांना व छातीला त्रास होतो, हे तर खरेच होते. सात महिने पत्रव्यवहार झाला. अखेर रकाने आले. पाटी अजून आहे. गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम वही पाहावयास गेलो. पहिल्या पानावर मामांनी त्यांच्या जाड अक्षरांत लिहिले होते: 'आंबा. बुंधे. ओले.' आणि 'कोठून आले' या रकान्यात आपल्याच मावळातल्या एका गावाचे नाव होते.